‘रडली नाही तर डोक्यावर परिणाम होईल’: खरं काय?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत मौत झाली की ओसरीवर बायका न रडणाऱ्या घरच्या बाईला गदागदा हलवतात, ‘रड वं माय, मोकळी हो.’ न रडलेलं दुःख आत साचतं आणि पुढे वेड लागतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला आधार नाही.

कोलंबिया विद्यापीठातले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो यांच्या गटाने २००२ मध्ये जोडीदार गमावलेल्या २०५ वयस्क माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या आधीपासून ते नंतर १८ महिन्यांपर्यंतच्या नोंदी होत्या. जवळजवळ निम्मी माणसं फारशी कोसळलीच नाहीत आणि त्यांचं दबलेलं दुःख नंतर उफाळूनही आलं नाही. रडू आलं तर रडू द्यावं, बळजबरी नको.

समुपदेशनही सरसकट सगळ्यांना लागत नाही. दुःखात अडकलेल्याला मात्र नक्की लागतं. सहा महिने उलटूनही रोज गेलेल्या माणसाची तीच ओढ, झोप नाही, शेतात पाय टाकवत नाही, त्याची चप्पल दारातून हलवू देत नाही, असं सगळं एकत्र दिसलं तर उपचार घ्यावा. यासाठीच्या एका पद्धतीत साधारण १६ बैठका असतात. मृत्यूचा प्रसंग डोळे मिटून सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, टाळलेल्या जागी हळूहळू जायचं.

तेरवीनंतर पाहुणे पांगतात. खरी गरज तेव्हाच असते. जेवण झालं का विचारा, बँकेच्या कागदांना सोबत जा. फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे. मरणाची भाषा ऐकू आली तर सहा महिने कसले मोजता, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लगेच लावा.