विचारप्रणाली

समाज कसा चालतो, तसाच का चालतो आणि कसा चालायला हवा, याविषयीच्या एकमेकांत गुंतलेल्या समजुती, मूल्ये आणि गृहीतके यांना मिळून विचारप्रणाली म्हणतात. मराठीत विचारसरणी हा शब्दही याच अर्थाने रुळला आहे. मात्र रोजच्या बोलण्यात तो एखाद्या पक्षाच्या किंवा नेत्याच्या जाहीर मतांपुरताच वापरला जातो. अभ्यासकांना अधिक महत्त्वाची वाटतात ती कुणीच जाहीर न केलेली मते. ‘हे असंच असतं’ म्हणून जे मान्य होते, ते मत आहे हेच लक्षात येत नाही. मग त्यावर ना वाद होतो, ना मतदान.

‘आयडिऑलॉजी’ हा मूळ शब्द आंत्वान देस्त्यूत द त्रासी या फ्रेंच विचारवंताने १७९६ मध्ये पॅरिसमध्ये घडवला. त्याच्या मनात होते कल्पनांचे शास्त्र. माणसाच्या डोक्यात कल्पना इंद्रियानुभवातून कशा तयार होतात हे एकदा उलगडले, की पूर्वग्रह मुळापासून उपटता येतील, अशी त्याची खात्री होती. क्रांतीच्या दहशतपर्वात तो स्वतः तुरुंगात होता. विचारांना शिस्त लावण्याची त्याची तळमळ केवळ पुस्तकी नव्हती. नेपोलियन आधी त्रासी आणि त्याच्या सोबत्यांच्या जवळचा होता, पण सत्ता एकवटल्यावर त्याला ते नकोसे झाले. १८०३ मध्ये त्याने राष्ट्रीय विद्यासंस्थेतील त्यांचा विभाग बंद केला आणि १८१२ च्या अखेरीस रशियातून हरून परतल्यावर फ्रान्सवरच्या संकटांचे खापर आयडिऑलॉजीवरच फोडले. शब्दाला हिणकस छटा आली ती तेव्हापासून. त्रासीने आपल्या ग्रंथमालेतला एक खंड अर्थशास्त्राला दिला होता आणि मार्क्सने तो वाचला होता. म्हणजे हा शब्द पहिल्यापासूनच अर्थशास्त्राच्या शेजारी वाढला.

मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५–४६ मध्ये लिहिलेल्या, पण पूर्ण स्वरूपात १९३२ मध्येच छापल्या गेलेल्या हस्तलिखितात विचारप्रणालीला बारीक छिद्रातून प्रकाश आत येणाऱ्या अंधाऱ्या पेटीतल्या उलट्या प्रतिमेची उपमा दिली आहे. प्रतिमा उलटी दिसते ती प्रकाशाच्या मार्गामुळे. तसेच माणसांना आपले संबंध उलटे दिसतात ते त्यांच्या जगण्याच्या रीतीमुळे. पुढे हा विचार ‘खोटी जाणीव’ या शब्दांत आक्रसला. ते शब्द एंगल्सच्या १८९३ मधील एका पत्रातले आहेत, मार्क्सचे नव्हेत. त्यांच्यामुळे विचारप्रणाली म्हणजे वरच्यांनी खालच्यांना मारलेली थाप, असा ढोबळ समज पसरला आणि मार्क्सचा खरा कसदार युक्तिवाद झाकला गेला.

तो युक्तिवाद १८६७ च्या ‘भांडवल’ या ग्रंथात आहे. सरंजामशाहीतला भूदास आठवड्यातले काही दिवस स्वतःच्या तुकड्यावर राबे आणि काही दिवस धन्याच्या शेतावर वेठीला जाई. मधला बांध ओलांडला, की आता कुणासाठी घाम गाळायचा हे त्याला न सांगता कळे. गुलामाचे उलट होते. त्याच्या श्रमातला काही भाग त्याच्याच पोटासाठी खर्ची पडे, तरी सगळेच श्रम फुकट दिल्यासारखे दिसत. मजुरीवरच्या कामगाराच्या दिवसात मात्र बांधच नाही. आठ तास काम, आठ तासांचा पगार: प्रत्येक तासाचे दाम चुकते झाल्यासारखे दिसते. मार्क्सच्या मते कामगाराच्या जगण्याचा खर्च भरून काढणारे तास आणि त्यापुढचे, मालकाच्या नफ्यात जाणारे तास इथेही वेगळे आहेतच. फक्त मजुरीचे रूपच असे आहे, की ती सीमा पुसली जाते. इथे कुणी खोटे बोललेले नाही. हिशेबाची वही चोख आहे, मालकही प्रामाणिक असू शकतो.

या मांडणीखालचा श्रममूल्य सिद्धांत, म्हणजे वस्तूचे मूल्य तिच्यासाठी लागलेल्या श्रमावर ठरते हे म्हणणे, आज बहुतेक अर्थतज्ज्ञ मानत नाहीत. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन बेट्स क्लार्क यांनी १८९९ मध्ये नेमके उलट मांडले: खुल्या स्पर्धेत प्रत्येक घटकाला त्याने उत्पादनात घातलेल्या भरीइतकाच मोबदला मिळतो आणि हे वाटप नैसर्गिक नियमानेच होते. तरीही मार्क्सने विचारलेला प्रश्न सिद्धांताहून टिकाऊ ठरला आहे. व्यवहाराचे रूपच त्याचे स्वरूप झाकू शकते का, हा तो प्रश्न.

इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी यांनी मुसोलिनीच्या तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात लिहिलेल्या वह्यांत संमतीवर भर दिला: सत्ता केवळ दंडुक्यावर टिकत नाही, ती लोकांच्या व्यवहारज्ञानात मुरावी लागते. फ्रेंच तत्त्वज्ञ लुई आल्थुसेर यांनी १९७० मध्ये एक साधे दृश्य दिले. रस्त्यावर पोलीस ‘अहो, तुम्ही!’ अशी हाक मारतो आणि चालणारा मागे वळतो. त्या वळण्यातच तो स्वतःला हाकेचा धनी मानतो. आल्थुसेर यांच्या लेखी विचारप्रणाली मनातल्या मतापेक्षा अशा सवयींत राहते.

सगळ्यात अवघड पेच समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२९ मध्ये समोर आणला. प्रत्येकाचा विचार त्याच्या सामाजिक स्थानाने घडत असेल, तर हे सांगणाऱ्याचा विचारही तसाच घडलेला असणार. मग विरोधकाचे म्हणणे त्याच्या वर्गहिताचे म्हणून झटकता येते, पण आपले राखता येत नाही. कोणत्याही एका वर्गाशी पक्के न बांधलेले बुद्धिजीवी निरनिराळ्या दृष्टिकोनांची सांगड घालतील, हे मानहाइम यांचे उत्तर मला अपुरे वाटते. बुद्धिजीवींनाही पगार, पद आणि प्रतिष्ठा असतेच. मात्र विचार कुठून आला हे सांगितल्याने तो खोटा ठरत नाही, ही तर्काची बाजू इथे उपयोगी पडते. उगम हा संशय घेण्याचे कारण होऊ शकतो, खंडन नव्हे.

माणसे विचारप्रणाली का धरतात, याचे राज्यशास्त्रात याहून निराळे, हलके उत्तरही आहे. अँथनी डाउन्स यांच्या १९५७ च्या मांडणीनुसार प्रत्येक धोरणाचा अभ्यास करणे मतदाराला परवडत नाही, म्हणून पक्षाची विचारप्रणाली त्याला जवळची वाट म्हणून कामी येते. यातून मतदाराचे वागणे कळते. ती वाट कुणी आखली हे कळत नाही.

अर्थशास्त्रातला वाद शास्त्राच्या स्वतःच्या भूमीवरचा आहे: हे शास्त्र स्वतः विचारप्रणालीपासून मुक्त आहे का? जोसेफ शुम्पेटर यांनी १९४८ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात कबूल केले, की विश्लेषण सुरू होण्याआधी अभ्यासकाला विषयाचे एक चित्र दिसलेले असते आणि विचारप्रणाली तिथूनच आत शिरते. नियम आणि पुरावे तिला हळूहळू चाळून काढतात. पण ते चित्र नसेल तर अभ्यास सुरूच होत नाही.

शब्दांतूनही ती शिरते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६८ मध्ये छापलेल्या भाषणात बेरोजगारीचा ‘नैसर्गिक दर’, म्हणजे अर्थव्यवस्था दीर्घकाळात ज्याकडे परतते तो दर, ही संज्ञा वापरली. व्याजदराबाबत स्वीडिश अर्थतज्ज्ञ क्नुट विक्सेल यांनी वापरलेल्या विशेषणाचा धागा त्यांनी पुढे नेला होता. हा दर अचल नाही, तो ठरवणाऱ्या कित्येक गोष्टी माणसांनी आणि धोरणांनीच घडवलेल्या आहेत, असा खुलासा त्यांनी त्याच भाषणात केला. किमान वेतनाचे कायदे आणि कामगार संघटनांचे बळ ही उदाहरणेही दिली. खुलासा भाषणात राहिला, विशेषण सर्वतोमुखी झाले. पुढे अनेक अर्थतज्ज्ञांनी ‘महागाईचा वेग न वाढवणारा बेरोजगारीचा दर’ अशी लांबलचक संज्ञा जवळ केली. तिच्यात ‘नैसर्गिक’ हा शब्द नाही.