पक्का रंग, पक्का लेप: सी-१८ कॉलमची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, बहुतेक वेळा 'सी-एटीन' कॉलमच चढवलेला असतो. कॉलम म्हणजे भरलेली नळी: आत सिलिकाचे बारीक कण, आणि त्यांवर रासायनिक बंधाने जोडलेल्या अठरा कार्बनच्या साखळ्या. या 'जोडलेल्या' शब्दापर्यंत पोहोचायला तीसेक वर्षं लागली.

लेप टिकणार का, हा प्रश्न आपल्या शहराला परका नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवनात कापडाची रंगाई शिकवली जाई, आणि रंगाऱ्याची कसोटी एकच: धुतल्यावर रंग राहतो का?

१९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी सिलिका जेलमध्ये पाणी धरून ठेवलं आणि वरून क्लोरोफॉर्म सोडला. याच कामासाठी त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. १९५० मध्ये हॉवर्ड आणि मार्टिन यांनी बाजू उलटवली, म्हणजे तेलकट थर स्थिर आणि पाणेरी द्रावक वाहता ठेवला (हीच 'रिव्हर्स्ड फेज'): कीसेलगुर या सिलिकायुक्त मातीला डायमिथिलडायक्लोरोसिलेनची वाफ देऊन जलरोधक केलं, त्यावर पॅराफिन बसवलं आणि मेदाम्लं वेगळी केली. पण पॅराफिन नुसतं मुरलेलं होतं. द्रावक वाहता वाहता ते घेऊन जाई, म्हणून द्रावकच आधी पॅराफिनने संपृक्त करावा लागे. कच्चाच रंग.

१९६९ मध्ये हालास आणि सेबेस्टियन यांनी सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या सिलॅनॉल (सिलिकॉन-ओएच) गटांशी अल्कोहोलच जोडलं. ब्रशच्या केसांसारख्या साखळ्या उभ्या राहिल्या. मात्र सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन हा बंध पाण्याने तुटतो, आणि रिव्हर्स्ड फेजमध्ये पाणी टाळता येत नाही. लगेच पुढच्या वर्षी ड्यू पाँटमधल्या कर्कलंड यांनी डिस्टेफानो यांच्यासह सिलेन (सिलिकॉनचं संयुग) वापरून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा बंध घडवला. माझ्या मते खरं वळण हेच. आजचे बहुतेक कॉलम याच वाटेने बनतात.

कृती ऐकायला सोपी आहे. सिलिका कोरडी करायची, टोल्युइनमध्ये ऑक्टाडेसिल (अठरा कार्बनच्या) क्लोरोसिलेनबरोबर रिफ्लक्स करायची, म्हणजे वाफ थंड करून परत आणत उकळत ठेवायची, सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल पिरिडीनने धरायचं, मग धुऊन वाळवायचं. सगळी मेख ओलाव्यात. तीन क्लोरीनचं ट्रायक्लोरोसिलेन असेल तर थोड्याशा पाण्यानेही रेणू एकमेकांतच गुंततात आणि दर वेळी वेगळाच थर बसतो. एका जुलैत, विश्वामित्री दुथडी भरून वाहत असताना, आमची वाळवलेली सिलिका जेवणाच्या सुट्टीत उघडी राहिली आणि अख्खा लॉट टाकावा लागला. एकच क्लोरीन असलेलं सिलेन घेतलं तर हा गुंता होत नाही, कारण प्रत्येक रेणूला एकच हात.

तरी सगळे सिलॅनॉल झाकले जात नाहीत. दर चौरस मीटरला ते सुमारे ८ मायक्रोमोल. लांब साखळ्या दाटीमुळे ३ ते ३.५ च बसतात. उरलेले गट अमाइन औषधांना धरून ठेवतात आणि आलेखावरच्या पीकला (शिखराला) शेपटी येते. म्हणून शेवटी ट्रायमिथिलक्लोरोसिलेनसारख्या लहान रेणूने एंडकॅपिंग करतात, म्हणजे उरलेले गट झाकतात. त्यानेही काही सिलॅनॉल उरतातच, आणि पीएच ८ च्या वर गेला की सिलिका स्वतःच विरघळू लागते.