भुसावळच्या मे महिन्यात फ्रीजचा कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर थंडावा तयार करतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण गारवा निर्माण होतो तो आतल्या कॉईलमध्ये द्रव झालेला गॅस उकळताना. कॉम्प्रेसरची खरी कसोटी लागते ती बाहेर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, स्वयंपाकघर ४२ अंशांनी तापलेलं असतं आणि फ्रीजमधून उपसलेली उष्णता याच हवेत सोडायची असते. उष्णता आपणहून गारातून गरमाकडे जात नाही. म्हणजे गॅसला आधी त्या हवेहून गरम व्हावं लागतं.

द्रव किती तापमानाला उकळेल आणि वाफेचा पुन्हा द्रव कधी होईल, हे दाबावर ठरतं. घरगुती नव्या फ्रीजमध्ये बहुतेक वेळा आयसोब्युटेन असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीझरच्या कॉईलमध्ये दाब त्याहून कमी, सुमारे ०.७ बार असतो (मोकळ्या हवेचा दाब साधारण एक बार). तिथे तो उणे २० अंशांना उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून, दुधा-भाज्यांतून ओढून घेतो. मागच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, हीच वाफ ५५ अंशांना द्रव व्हायला हवी, तरच ४२ अंशांची हवा तिची उष्णता घेईल. त्यासाठी दाब लागतो पावणेआठ बारच्या आसपास. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असते, तेव्हा जाळीला ३५ अंश पुरतात आणि दाब ४.७ बारवर भागतो. हिवाळ्यात गॅस साडेसहापट दाबायचा, मे महिन्यात जवळपास अकरापट!

हा फरक पिस्टनपाशी कसा जाणवतो, ते बघण्यासारखं आहे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरचा पिस्टन सेकंदाला सुमारे ४८ वेळा मागेपुढे होतो. वर पातळ पोलादी पट्ट्यांच्या दोन झडपा असतात, एक गॅस आत घेणारी, दुसरी बाहेर सोडणारी. पिस्टन अगदी टोकाला गेला तरी झडपांखाली थोडी फट उरते आणि तिच्यात दाबलेला गॅस अडकून राहतो. पिस्टन मागे सरकला की आधी हा अडकलेला गॅस फुगतो. त्याचा दाब पुरेसा उतरल्यावरच आत घेणारी झडप उघडते. दाब जितका जास्त, तितकी फुगण्यात जागा जास्त जाते आणि नवा गॅस कमी शिरतो. म्हणजे उन्हाळ्यात प्रत्येक फेरीला मेहनत जास्त आणि गॅस कमी. शिवाय दाबण्यात खर्च झालेली ऊर्जा गॅसमध्येच उतरते, म्हणून कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीला हात लावून ठेवता येत नाही.

अशा वेळी फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवणं किंवा जाळीवर धूळ साचू देणं म्हणजे दाब आणखी वाढवणं. ‘गॅस संपला असेल’ असंही लगेच म्हणतात. गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. गळती असल्याशिवाय तो संपत नाही. लाईट जाऊन लगेच आली, तर चार-पाच मिनिटं थांबून फ्रीज सुरू करावा. तेवढ्यात केपिलरीतून, म्हणजे दोन्ही कॉईलना जोडणाऱ्या बारीक नळीतून, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. नाहीतर मोटर अडते, तिला वाचवणारा ओव्हरलोड स्विच टकटक करत राहतो.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीसाठी लागणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये तत्त्व हेच, फक्त मोठ्या प्लँटमध्ये गॅस बहुधा अमोनिया असतो. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते, म्हणून तिथे उणे तापमान लागत नाही. पण खानदेशच्या उन्हाळ्याचा खरा फायदा घेता येतो तो बाहेर. कंडेन्सरच्या नळ्यांवर पाणी फवारलं की कोरड्या हवेत ते झपाट्याने उडतं. ४५ अंशांच्या कोरड्या झळांतही ओलं फडकं २२-२५ अंशांपर्यंत उतरतं, तेच या नळ्यांचं होतं. अमोनिया मग ३५ अंशांना, साडेतेरा बारला द्रव होतो. नुसत्या हवेवर ठेवला तर ५५ अंश आणि २३ बार लागतील. वीजबिलात एवढी मोठी बचत करणारा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही. मात्र बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांवर क्षारांचा थर बसतो आणि कंडेन्सरचा दाब हळूहळू चढू लागतो. गेजचा काटा रोजच्यापेक्षा वर दिसला, तर गॅसकडे जाण्याआधी त्या नळ्या खरवडून बघाव्यात.