थांबणं वेगळं, टाळणं वेगळं

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी दुसऱ्या प्रकरणाची फाइल सतरा दिवस उघडली नव्हती. गाईडनी विचारलं तेव्हा म्हणाले, "जरा थांबलेय, मॅडम." मला ते अगदी खरं वाटत होतं.

थांबणं आणि टाळणं बाहेरून सारखंच दिसतं. लिखाण बंद, चहाच्या फेऱ्या वाढलेल्या. त्यामुळे टाळणाऱ्याला वाटतं आपण विश्रांती घेतोय, आणि ज्याला खरोखर विश्रांती हवी आहे तो स्वतःला आळशी ठरवून कुढत बसतो. ही दुसरी गल्लत मला जास्त क्रूर वाटते.

टाळण्यात संथपणा असतो, हा तर मोठाच गैरसमज. त्या सतरा दिवसांत मी सतत कामात होते. ढीगभर पीडीएफ उतरवल्या, संदर्भसूचीतले स्वल्पविराम तपासले, हॉस्टेलमधलं कपाट दोनदा लावलं. मन मात्र त्या एका फाइलला वळसा घालून पळत होतं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीबद्दल हेच मांडलं: तिच्या मुळाशी असते ती नकोशी भावना तेवढ्यापुरती दूर सारण्याची धडपड. फाइल उघडताच 'हे आपल्याला जमणार नाही' असं पोटात कालवतं, ते नको म्हणून आपण कामच नको म्हणतो. मग कितीही नवी टाइमटेबलं आखली तरी गाडी तिथेच अडते.

थांबताना आपण काय सोडलं, कुठे सोडलं, कधी परतायचं हे ठाऊक असतं. औत सोडताना नांगरट कुठवर आली हे शेतकऱ्याला माहीत असतं, तसं. मग संध्याकाळी टेकडीवर गेलं की प्रकरण सोबत येत नाही. टाळताना ते जेवणाच्या ताटापर्यंत येतं.

हा फरक आतूनच कळतो, आणि त्यासाठी सजगतेचा उपयोग होतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस फक्त आनापान असतं. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, आखडायचा नाही, जसा आहे तसा बघायचा. मन भरकटलं की तेवढं जाणायचं आणि न चिडता परतायचं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्याचाही गाभा हाच. मी त्यातलं इतकंच उचललं: फाइल उघडायची, एक अक्षरही न लिहिता दहा श्वास बसायचं. डोळे नुसते जड असतील तर खुशाल झोपावं. छाती आवळून हात फोनकडे जात असेल, तर ते टाळणं आहे.

श्वास पाहून सगळं सुटत नाही, हेही सांगायलाच हवं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं, शिवाय दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. हे घड्याळ खरंच डोक्यावर असतं. फेलोशिप थकलेल्या मुलाला 'जरा सजग हो' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला आधी त्याचे पैसे मिळायला हवेत. आणि आठवडेच्या आठवडे झोप, भूक उडाली असेल तर ते थांबणंही नाही आणि टाळणंही नाही. तेव्हा समुपदेशकाकडे जावं, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा.

अठराव्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "थांबले नव्हते, टाळत होते." त्या रागावल्या नाहीत. "कुठला परिच्छेद?" एवढंच विचारलं. तेव्हा मलाही पहिल्यांदा नीट दिसलं: एका बाईंच्या मुलाखतीतलं उत्तर माझ्या गृहीतकाला सरळ छेद देत होतं, आणि ते लिहायची वेळ त्याच परिच्छेदात येणार होती.