बोलता येतं, मग लिहिता का येत नाही?

"वर्गात फाडफाड बोलतो, मग निबंधातच काय होतं? आळस, दुसरं काय!" आणि याचं जुळं भावंड: "याची भाषाच कच्ची आहे, व्याकरणाच्या वर्गाला पाठवा." विद्यापीठात ही दोन वाक्यं ऐकून माझे कान किटले आहेत. दोन्हींत गल्लत एकच. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांना आपण एकच समजतो.

बोलण्याच्या भाषेबद्दल फार सांगायला नको. समोरच्याचा चेहरा, हातवारे, प्रसंग असं सगळंच तिथे मदतीला असतं. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या दोन भाषांमधला भेद मांडला. नव्या भाषेत शाळा शिकणाऱ्या मुलांना बोलणं साधारण २ वर्षांत जमतं, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात, असं त्यांच्या कामातून पुढे आलं.

अभ्यासाची भाषा म्हणजे जड शब्द, हा समज तर मला मुळीच सहन होत नाही. ही दोन वाक्यं पाहा. "पाऊस कमी पडला म्हणून पीक बुडालं." आणि "पावसाचं घटलेलं प्रमाण हे पीक बुडण्याचं एक कारण असावं." दुसऱ्यात एकही अवघड शब्द नाही. पण "पाऊस कमी पडला" या घटनेचं तिथे नाम झालं, म्हणून ती मोजता येते, तिच्यावर वाद घालता येतो. "एक" या शब्दानं इतर कारणांना जागा ठेवली. "असावं" म्हटल्यानं दावा पुराव्याच्या पुढे धावला नाही. तसंच क्रियापदांचं. एखादा संशोधक काही "म्हणतो", "दावा करतो" की "दाखवून देतो", यातलं काय निवडलं त्यावरून लिहिणारा त्याच्याशी किती सहमत आहे हे कळतं. सगळीकडे "म्हणतो" लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं व्याकरण अचूक असतं; त्याची स्वतःची भूमिका मात्र कुठेच दिसत नाही.

आणि ही भाषा घरून कुणीच घेऊन येत नाही. शिकवण्याची भाषा ज्यांची मातृभाषा आहे, त्यांनाही ती शिकावीच लागते. म्हणून फक्त परभाषक विद्यार्थ्यांना वेगळं काढून एका दुपारची कार्यशाळा उरकणं मला पटत नाही. इतिहासात पुरावा कसा मांडायचा आणि जीवशास्त्रात कसा, हे त्या त्या विषयाच्या तासालाच शिकवायला हवं. विषयशिक्षक आणि भाषाशिक्षक दोघांनी मिळून, खऱ्या स्वाध्यायावर.

शुद्धलेखनाच्या चुका? त्या शेवटच्या खर्ड्यात पाहू.

तोवर समासात "भाषा सुधारा" असं लिहू नका. त्यातून विद्यार्थ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: "या दोन अभ्यासकांचं इथे पटत नाही. तुम्हाला कोणाचं पटतं, आणि कोणत्या पुराव्यावरून?"