ट्रिगर, ब्रूस ग्रॅहम

(१८ जून १९३७ – १ डिसेंबर २००६). कॅनेडियन पुरातत्त्वज्ञ व मानवशास्त्रज्ञ. जन्म ऑन्टॅरिओ प्रांतातील प्रेस्टन येथे. टोरंटो विद्यापीठाची पदवी (१९५९) आणि येल विद्यापीठाची पीएच.डी. (१९६४) मिळवल्यावर ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रुजू झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. आस्वानच्या नव्या धरणामुळे पाण्याखाली जाणाऱ्या न्यूबियातील (दक्षिण ईजिप्त व उत्तर सुदानचा नाईलकाठचा प्रदेश) आर्मिना येथे त्यांनी तरुणपणी उत्खनन केले.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र मायदेशातील वेंडाट या मूलनिवासी लोकांवर आहे. फ्रेंचांनी या लोकांना ‘ह्युरॉन’ हे हेटाळणीचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. जॉर्जियन उपसागराच्या दक्षिणेस मका पिकवणारा हा समाज १६३४ ते १६४० या काळातील साथींत निम्मा झाला. १६४९ मध्ये इरोक्वाय या शेजारच्या मूलनिवासी जमातसंघाच्या हल्ल्यांनी त्याची गावे उजाड झाली. ही हकिगत तोवर मिशनरी व फ्रेंच व्यापाऱ्यांच्या नजरेतून सांगितली जाई आणि वेंडाट तीत नुसतेच बळी ठरत. ‘द चिल्ड्रन ऑफ आटाएन्सिक’ (१९७६) या द्विखंडी ग्रंथात ट्रिगर यांनी जेझुइट या कॅथलिक पंथाच्या मिशनऱ्यांची वार्षिक वृत्ते, उत्खननातील पुरावा आणि समाजरचनेचा अभ्यास एकत्र आणला. धर्मोपदेशकांना गावात का राहू द्यायचे, फरच्या व्यापारासाठी कोणाशी सलगी करायची, यावर वेंडाटांमध्ये तट पडले होते आणि प्रत्येक तटापाशी आपली कारणे होती, हे या ग्रंथात प्रथमच इतक्या तपशिलाने दिसते. पुढे वेंडाट समाजाने त्यांना आपले मानद सदस्य करून घेतले. त्यांना लाभलेल्या सन्मानांत हा सर्वांत बोलका म्हणावा लागेल.

पुरातत्त्वज्ञ भूतकाळ कोणासाठी उकरतो, हा प्रश्न त्यांनी आपल्या विद्याशाखेलाही विचारला. १९८४ च्या एका निबंधात त्यांनी राष्ट्रवादी, वसाहतवादी व साम्राज्यवादी असे पुरातत्त्वाचे तीन प्रकार मांडले. अमेरिकेतील मातीची प्राचीन टेकाडे मूलनिवासींनी रचलीच नसावीत, ही एकोणिसाव्या शतकातील समजूत वसाहतवादी दृष्टीचा ठळक नमुना होय. जमिनी बळकावणाऱ्यांना ती सोयीची होती. ‘अ हिस्टरी ऑफ आर्किऑलॉजिकल थॉट’ (१९८९) या ग्रंथात हाच विचार विस्ताराने आला. त्याची सुधारित आवृत्ती त्यांच्या निधनाच्या वर्षी निघाली.

‘अंडरस्टँडिंग अर्ली सिव्हिलायझेशन्स’ (२००३) मध्ये त्यांनी ईजिप्त, मेसोपोटेमिया, शांग चीन, माया, अ‍ॅझटेक, इंका आणि पश्चिम आफ्रिकेतील योरुबा-बेनिन या सात संस्कृतींची तुलना केली. सिंधू संस्कृती तीत नाही, कारण तिच्या लोकांचे म्हणणे वाचता येईल असे लेखन त्यांच्या हाती नव्हते.