उभ्या पाइपावरचे दिवे

नृत्याच्या कार्यक्रमात नर्तकाचा हात, मान, पाठीचा बाक इतका रेखीव दिसतो, त्याचं मोठं श्रेय विंगेत लपलेल्या दिव्यांना असतं. समोरचा प्रकाश शरीर सपाट करतो. बाजूचा प्रकाश कडा उजळून त्याला घनता देतो. पोटरीच्या उंचीवरचा झोत तर जमिनीला फारसा लागतच नाही, थेट समोरच्या विंगेत निघून जातो आणि नर्तक अधांतरी तरंगल्यासारखा वाटतो. अमेरिकेत प्रकाशयोजनाकार जीन रोझेन्थाल (१९१२–१९६९) यांनी आधुनिक नृत्यातल्या नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यरचनांसाठी बाजूच्या प्रकाशाचा फार प्रभावी वापर केला. आज नृत्याच्या मंचावर प्रत्येक विंगेत दिव्यांनी लगडलेला पाइप उभा असणं नेहमीचं झालं आहे.

या पाइपांकडे मात्र पुरेसं लक्ष दिलं जात नाही, असं मला कळकळीनं वाटतं. डोक्यावरच्या आडव्या बारवर दिवा टांगला की क्लॅम्पचा, म्हणजे दिवा पाइपाला पकडणाऱ्या चिमट्याचा, हूक पाइपावर बसतो. बोल्ट थोडा ढिला राहिला तरी गुरुत्वाकर्षण त्या हुकाला पाइपावरच दाबत राहतं. पाइप उभा केला की तेच गुरुत्वाकर्षण क्लॅम्पला पाइपाच्या लांबीवरून खाली ओढू लागतं. आता दिवा धरून ठेवायला उरतं फक्त घर्षण.

हे घर्षण किती असतं? पान्यानं नीट आवळलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट पाइपाला साधारण एक टनाच्या जोरानं दाबतो. घर्षणाचा गुणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळतं ते) ०.१५ धरला आणि क्लॅम्प दोन बाजूंनी पाइपाला टेकतो हे लक्षात घेतलं, तर तो खाली घसरवायला ३०० किलोंचा भार लागेल. दिवा जेमतेम ७ किलोंचा. म्हणजे काळजी नाही?

आहे, कारण दिवा पाइपाला चिकटून नसतो. तो अर्ध्या मीटरच्या आडव्या दांड्यावर, पाइपापासून दूर असतो. दीड इंची म्हणून मिळणाऱ्या पाइपाचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या फक्त २४. घर्षण या २४ मिलिमीटरवरून विरोध करतं आणि धक्का ५०० मिलिमीटरवरून लागतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहिलं की हा फरक हाताला कळतो. हिशेब केला तर ३०० किलो पेलणारा क्लॅम्प टोकाला १४-१५ किलोंच्या ढकलीनं पाइपाभोवती फिरतो. बोल्ट अर्धवट आवळला आणि दाब सहाव्या हिश्शावर आला, तर दिवा खाली घसरत नाही, पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण विंगेतून धावत बाहेर पडणाऱ्या नर्तकाच्या खांद्याचा अडीच किलोंचा धक्काही तो फिरवायला पुरतो. पाइपावर तेलाचा ओशटपणा असेल तर आणखी कमी.

म्हणूनच दिव्याची दिशा बदलताना पाइपावरचा मुख्य बोल्ट कधीच सैल करू नये. दिवा वळवण्यासाठी वेगळा स्क्रू असतो, तेवढाच ढिला करावा.

खरी भीती अख्खा पाइप कलंडण्याची. समजा ६० सेंटिमीटर चौरस बैठकीवर ४ मीटरचा पाइप उभा आहे. पाइप आणि बैठक मिळून ४० किलो. एकाच बाजूला, मध्यापासून अर्ध्या मीटरवर, ३० किलोंचे दिवे. बैठकीची कड मध्यापासून ३० सेंटिमीटरवर, त्यामुळे दिवे कडेच्या २० सेंटिमीटर पलीकडे लोंबतात. पाइप सरळ ठेवणारं बलाघूर्ण (वजन गुणिले कडेपासूनचं अंतर) ४० गुणिले ०.३, म्हणजे १२. पाडू पाहणारं ३० गुणिले ०.२, म्हणजे ६. दुप्पट सुरक्षित वाटतं ना? उरलेल्या ६ ला चार मीटर उंचीनं भागा : शेंड्याला त्याच बाजूला दीड किलोचा जोर पुरे! वर मंचाच्या पडद्याच्या झालरीत अडकलेली एखादी केबल ओढली तरी तेवढा जोर लागतो. त्यामुळे पाइपाचा शेंडा वर ग्रिडला (मंचावरच्या छताखालच्या सांगाड्याला) किंवा भिंतीला बांधलाच पाहिजे. बैठकीवर वजनं ठेवणं चांगलंच, पण ती या बांधणीची जागा घेऊ शकत नाहीत. शक्य तिथे दिवे दोन्ही बाजूंना वाटून लावावेत आणि जड दिवा खाली घ्यावा.

प्रत्येक दिव्याला पोलादी तारेचा सेफ्टी लूप, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा अडवणारा फास, हवाच, तोही आखूड. ७ किलोंचा दिवा ३० सेंटिमीटर पडून एका सेंटिमीटरात थांबला, तर तारेवर सरासरी २०० किलोंहून जास्त झटका बसतो. उभ्या पाइपाला नुसता गुंडाळलेला लूप दिव्यासोबत खाली घसरत जातो, म्हणून तो अडेल अशा पक्क्या जोडाच्या वरून घ्यावा लागतो. शिडीवर चढणाऱ्यानं पानाही मनगटाला दोरीनं बांधावा. चार मीटरवरून निसटलेला पाना तासाला सुमारे ३२ किलोमीटर वेगानं खाली येतो.

प्रयोग संपल्यावर घाई असते, पुढच्या गावी जाणारा ट्रक थांबलेला असतो. अशा वेळी एका बाजूचे दिवे भराभर उतरवले की तोल दुसरीकडे जातो. म्हणून दिवे दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं, वरून खाली काढत यायचं, आणि शेंड्याची बांधणी सोडण्याआधी पाइप दोघांनी धरायचा.